बारा ग्रॅम आणि दहा वर्षें

मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच ता. १८ ऑगस्ट २०२५ पासून करवीर नगरींत भरूं लागलें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांस ज्या दारासाठीं मुंबईची वाट धरावी लागे, तें दार आपल्याच गांवीं उघडलें, ह्याचा शहरास आनंद झाला तो योग्यच होय. परंतु ह्याच दारानें जमिनीच्या वाटण्यांबरोबर गांजा, चरस बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्यांचीं अपिलेंही येणार. आणि ‘असल्यांस अपील तें कशाला?’ असें विचारणारे गृहस्थ आपल्या पेठांतून थोडे नाहींत. हे गृहस्थ बहुधा सज्जन असतात. त्यांच्या घरीं वाढतीं मुलें आहेत, आणि ह्या विषाची त्यांस धास्ती वाटते. ती आम्हांसही वाटते. तथापि त्यांच्या प्रश्नास उत्तर म्हणून शेजारच्या गोव्यांतील एक जुना खटला वाचकांपुढें ठेवणें आम्हांस इष्ट वाटतें.

गोव्यांत एका जर्मन प्रवाशाजवळ चरसाचे दोन तुकडे सांपडले. दोन्ही मिळून बारा ग्रॅम, म्हणजे आपल्या सराफाच्या कांट्यावर तोळ्याहून किंचित् अधिक. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणें त्या वेळीं पांच ग्रॅमांपर्यंतचा चरस स्वतःच्या सेवनापुरता होता असें ठरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि त्यापुढें निदान दहा वर्षें व लाख रुपये दंड! मधली पायरीच नव्हती. खालच्या न्यायालयानें दहा वर्षें दिलीं. उच्च न्यायालयाच्या पणजी येथील पीठानें तीं कायम केलीं. १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुरावा तपासला तेव्हां आढळलें कीं, रासायनिक परीक्षेस दोहोंपैकीं एकच तुकडा गेला होता, व त्याचें वजन पांच ग्रॅमांहून कमी होतें. दुसराही चरसच होता हें कोणीं सिद्ध केलें? कोणींच नाहीं. दहा वर्षें व लाखाचा दंड रद्द होऊन शिक्षा सहा महिन्यांवर आली.

आरोपी येथें निर्दोष सुटला नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. जेवढें शाबीत झालें तेवढ्याचीच शिक्षा त्यास झाली. एकच पोतें उघडून दोन पोत्यांचे पैसे मागणाऱ्यास आमचे व्यापारी वाचक काय म्हणतील, तें आम्हीं सांगावयास नको.

२००१ च्या दुरुस्तीनें कायद्यांत पायऱ्या आल्या. गांजा एक किलोपर्यंत असल्यास अपराध लहान, आणि वीस किलोंच्या वर गेल्यास दहा ते वीस वर्षें. पण कायद्याचा मुख्य कडकपणा निराळाच आहे. पदार्थ ताब्यांत होता एवढें सरकारनें दाखविलें, कीं ‘मला ठाऊक नव्हतें’ हें आरोपीनें, आणि तेंही संशयास जागा न ठेवतां, सिद्ध करावयाचें. गुळाच्या रव्यांखालीं ड्रायव्हरनें परभारें एक पोतें लपविलें, तर आपला ट्रक जप्तींतून सोडवितांना, ‘मला माहीत नव्हतें व मीं योग्य ती खबरदारी घेतली होती,’ हें दाखविण्याचा भार मालकावर येतो. इतका कठोर कायदा असल्यावर झडतीचे नियम हेंच प्रजेचें चिलखत होय. अंगझडतीपूर्वीं ती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट ह्यांच्यासमोर व्हावी असें म्हणण्याचा हक्क आरोपीस सांगितला पाहिजे, असें १९९९ सालीं पांच न्यायमूर्तींनीं ठरविलें. जप्त मालाचे नमुने मॅजिस्ट्रेटसमक्ष काढावे, हें २०१६ सालीं पुन्हां बजावावें लागलें.

अशा चुकांमुळें खरे गुन्हेगार सुटतात, हा आक्षेप खोटा नाहीं. मात्र त्याचा जाब अपील ऐकणाऱ्यास न विचारतां, ज्यानें नमुना धड पाठविला नाहीं त्यास विचारला पाहिजे. शिवाय न्यायालयें नेहमीं आरोपीकडेच झुकतात असेंही नाहीं. २०२० सालींच सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, अमली द्रव्यांत दुसरी भुकटी मिसळली असल्यास वजन साऱ्या मिश्रणाचें धरावें. त्याच सालीं, अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाहीं, असाही निर्णय झाला.

एके काळीं तर ह्या कायद्याखालील शिक्षा अपील चालूं असतां स्थगित करण्याची न्यायालयास मनाईच होती. अपिलाचा निकाल लागेतों कैद भोगून संपावी, असा तो प्रकार. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मनाई घटनाबाह्य ठरविली. तरी स्थगितीच्या अटी अद्याप कडकच आहेत. म्हणून कोल्हापुरांतील बेंचानें अशीं अपिलें लवकर चालवावीं, ही आमची पहिली विनंति.

दुसरी विनंति वाचकांस आहे. झडतीच्या वेळीं पंच म्हणून हांक येते ती दुकानदारासच. गिऱ्हाईक खोळंबलेलें असतें, पोलिसांशीं वांकडें नको असतें, आणि मजकूर न वाचतां सही होते. १ जुलै २०२४ पासून झडतीचें चित्रीकरण कायद्यानें आवश्यक झालें आहे खरें, पण तराजूंतलें वजन कागदावर तेंच उतरलें कीं नाहीं, प्रत्येक पुडीवर लाखेची मोहोर आपल्यादेखत बसली कीं नाहीं, हें पंचानेंच पाहावयाचें असतें. पुढें कांहीं वर्षांनीं अपिलाच्या वेळीं न्यायमूर्तींपुढें तोच कागद उघडला जातो, आणि त्याच्या तळाशीं सही आपली असते.