डिसेंबरचा आकडा मे महिन्यात चालत नाही

समजा, डिसेंबरातली रात्र आहे आणि खोलीत १८ अंश सेल्सिअस. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला पूर्ण ताण दिला, तर तो ७२ अंशांवर स्थिरावला. अजून बरीच जागा आहे म्हणून लगेच क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, वाढवावा, हा ओव्हरक्लॉकिंगमधला महागात पडणारा समज. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीखालच्या खोलीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. हीटसिंक असो की लिक्विड कूलर, प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. तो त्या हवेच्या किती वर राहील, एवढंच त्यांच्या हातात असतं. वरच्या उदाहरणात हा फरक ५४ अंशांचा आहे. खोली ३८ अंशांवर गेली की तेच काम, तोच वेग, आणि प्रोसेसर ९२ वर. त्यामुळे प्रोसेसरच्या तापमानाशेजारी खोलीचं तापमान लिहिलेलं नसेल, तर त्या नोंदीवर विसंबू नये.

वेग १० टक्के वाढवला तर उष्णताही १० टक्केच वाढेल, असंही अनेकांना वाटतं. वेग वाढवताना बहुतेकदा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता वेगाच्या पटीत तर वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.२ गिगाहर्ट्झचे ४.६ केले आणि १.२० व्होल्टचे १.३५, तर वेग साडेनऊ टक्के वाढतो, उष्णता मात्र सुमारे ३९ टक्के. मघाचा ५४ अंशांचा फरक ढोबळमानाने ७५ होतो. डिसेंबरात ९३ अंशांवर ही चाचणी कशीबशी निभावेल. मे महिन्यात हिशेब ११३ वर जातो.

प्रत्यक्षात ११३ कधी दिसत नाही, कारण तापमानाची ठरलेली मर्यादा गाठताच प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. त्यातून पुढचा गैरसमज जन्मतो: कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणजे सगळं ठीक. उष्णता वाढली, वीज जास्त गेली आणि काम पूर्वीइतकंच किंवा त्याहून हळू, अशी गत होऊ शकते. म्हणून तापमानाबरोबर क्लॉकचा आकडाही पाहावा.

ही मर्यादा सर्वांना एकच नसते. ७० च्या वर गेलं की प्रोसेसर जळतो, ही भीती निराधार आहे. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सची ९५, आणि पूर्ण ताणाखाली तिथवर जाणं त्याच्या रचनेतच धरलेलं आहे. रायझन ७ ७८००एक्स३डीची मात्र ८९. आपल्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावा. तिथेच प्रोसेसरला कुलूप आहे का तेही कळतं: इंटेलमध्ये ओव्हरक्लॉकिंग साधारणपणे नावात 'के' असलेल्या मॉडेलपुरतंच, तेही झेड मालिकेच्या चिपसेटवर.

विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प किंवा एएमडीचं रायझन मास्टर लागतं. बायोसमधला आकडा पाहून समाधान मानू नये. तिथे प्रोसेसरला खरं काम नसतं. काही प्रोसेसरचा आकडाही फसवा होता: रायझन ७ १७००एक्स मुद्दामच २० अंश जास्त नोंदवायचा, पंख्यांचा वेग सर्व मॉडेलवर सारखा राहावा म्हणून. ताण देण्यासाठी प्राइम९५ किंवा सिनेबेंच सलग अर्धा तास चालवावं, कारण हीटसिंक तापायला वेळ घेतो. पहिल्या दोन मिनिटांचा आकडा गोड दिसतो.

कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं की प्रश्न मिटतो, असं मानणाऱ्यांनी झाकण काढून एकदा मोजावं जरूर. आकडा बराच उतरला, तर आतली हवा खेळत नाही हे निदान झालं. पंखे आणि धुळीने बुजलेल्या जाळ्या बघाव्यात. झाकण कायमचं उघडं ठेवलं तर धूळ थेट हीटसिंकमध्ये बसते. खोलीतला पाण्याचा कूलर कोरड्या एप्रिल-मेमध्ये तिथलं तापमान खरोखर काही अंश उतरवतो, पण पावसाळी दमट हवेत त्याचा जोर ओसरतो. शिवाय त्याचा झोत कॅबिनेटवर थेट सोडू नये. टाकीत बोअरचं पाणी असेल, तर तुषारांबरोबर क्षारही आत जातात.

शेवटचा समज अधिक घातक आहे: तापमान आटोक्यात आहे, म्हणजे प्रोसेसर सुरक्षित. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने मूळ कारण प्रमाणाबाहेरचं व्होल्टेज असल्याचं सांगितलं, ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असं नुकसान हळूहळू होतं आणि परत भरून येत नाही. क्लॉक वाढवण्याआधी मूळ सेटिंगवर, भर दुपारी, तापमान आणि क्लॉकसोबत व्होल्टेजही नोंदवून ठेवावं.