कार्ब्युरेटर ते इंजेक्शन : एका पद्मिनीची चिकित्सा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांविषयी चार हिताच्या गोष्टी मी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारे सन्मित्र आपल्यात पुष्कळ आहेत. मी मात्र गेल्या दोन वर्षांत ज्या रुग्णाने मला सर्वांत अधिक शिकविले, त्याची केस आपल्यापुढे मांडणार आहे. वय पन्नास, वजन सुमारे नऊशे किलो. मुख्य तक्रारी : सकाळी लवकर न उठणे, चढावर धाप लागणे आणि अंगाला सतत पेट्रोलचा वास येणे.

हा रुग्ण म्हणजे आमची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसी इंजिनाची, स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली. माझे वडीलही डॉक्टर होते. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत रात्री-अपरात्री व्हिजिटला जाताना हीच गाडी त्यांच्या सोबतीला असे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, ती बातमी वाचून मला उगाचच घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. आमची पद्मिनी निदान चालती ठेवायची, असे मी त्या दिवशी ठरविले.

अडचण इंधनापासून सुरू झाली होती. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे विक्रीस आले आणि पुढे सर्वत्र तेच मिळू लागले. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलला मात्र ९ ग्रॅम पुरते. ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजेच तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. कार्ब्युरेटरला हे कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या जेटचे छिद्र १९७५ च्या पेट्रोलसाठी पाडलेले. ते आजही तेवढेच इंधन सोडते. शिवाय इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप फुगतात आणि भेगाळतात, ते वेगळेच.

कार्ब्युरेटरला मी कमी लेखत नाही. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथील दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते. ना वीज, ना संगणक. केवळ भौतिकशास्त्राच्या एका नियमावर त्याने जगभरच्या मोटारी कित्येक दशके चालविल्या. मात्र तो दवाखान्यातील जुन्या मिक्श्चरसारखा आहे. मात्रा सर्वसाधारण अंदाजाने ठरलेली, रुग्ण तान्हा असो की पहिलवान. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनमध्ये दर वेळी मोजून मात्रा दिली जाते. आमच्या इंजिनाच्या एका सिलिंडरची क्षमता २७२ सीसी. बेळगावच्या हवेत तो पूर्ण भरला, तर आत जेमतेम ०.३ ग्रॅम हवा जाते आणि तिला सुमारे २० मिलिग्रॅम इंधन लागते. गाडी जागेवर संथ चालत असताना हीच मात्रा सहा-सात मिलिग्रॅमवर येते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या गतीने अशा शंभर मात्रा दर सेकंदाला द्याव्या लागतात. हे गणित मांडल्यावर माझ्यातला डॉक्टर पुरता मोहात पडला.

मोहाला एक अडसर होता. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. पद्मिनी त्या उंबरठ्यावर होती. इंजिनात बदल केला की तो मान हातचा जाणार. “ऑपरेशनपूर्वी पेशंटकडून संमतिपत्र भरून घेता, गाडीचे कोणी घेतले?” असे आमच्या सौ.ने विचारले, त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. अखेर मी स्वतःपुरती एक अट घालून घेतली : गाडीच्या मूळ भागात एकही नवे छिद्र पाडायचे नाही, एकही मूळ तुकडा कापायचा नाही, जे करायचे ते परत फिरविता येईल असेच. इंजिनाचा क्रमांक, क्षमता व इंधनाचा प्रकार तेच राहणार होते. तरीही परिवहन कार्यालयात आधी जाऊन विचारणा करून आलो. हा खटाटोप करू इच्छिणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये.

सामग्रीची यादी फार मोठी नाही. कार्ब्युरेटर काढून त्याच बोल्टांवर एक जाड ॲल्युमिनियमची पट्टी बसविली आणि तिच्यावर थ्रॉटल बॉडी व दोन इंजेक्टर. ही पट्टी उद्यमबागेतील एका लेथवाल्याने तासून दिली. बेळगावात अशा कामाला हात शोधावे लागत नाहीत, हे आपले भाग्य. त्यानेच क्रँक पुलीवर बसणारी दातेरी चकती केली. तिच्यावर छत्तीस दात्यांची जागा, पण एक दाता मुद्दाम गाळलेला. ती रिकामी जागा संवेदकापुढून गेली की क्रँक नेमका कोठे आहे, ते संगणकाला समजते. मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा एक संवेदक, हवा व पाणी यांचे तापमान सांगणारे दोन आणि सायलेन्सरच्या नळीत उरलेला प्राणवायू मोजणारा लॅम्डा संवेदक, इतकी ज्ञानेंद्रिये पुरतात. लॅम्डा १ म्हणजे इंधन व हवा यांचा हिशेब चोख. १ पेक्षा अधिक म्हणजे इंधन कमी, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त. इंधन कोणतेही असो, ही खूण बदलत नाही. संगणक म्हणून ‘स्पीडुइनो’ हा मुक्तस्रोत संच घेतला आणि पुतण्याच्या मदतीने घरीच डाग देऊन जोडला. ठिणगीचे काम जुन्या डिस्ट्रिब्यूटरकडेच ठेवले. एका वेळी एकच अवयव बदलावा, हा धडा आपण शल्यक्रियागृहात शिकलेलो असतोच.

पुढे जे घडले ते सांगताना आजही अंगावर काटा येतो. जुन्या पंपाचा दाब आपल्या भाषेत, म्हणजे पाऱ्याच्या हिशेबात, दोनशे मिलिमीटरच्या आसपास असतो. इंजेक्शनच्या विद्युत पंपाचा ३ बार, म्हणजे सव्वादोन हजार. हा आकडा मी स्वतः वहीत लिहिला होता. तरीही नव्या पाइपचा वीतभर तुकडा कमी पडला, तेव्हा ‘तात्पुरता’ म्हणून जुना रबरी पाइप साध्या क्लिपने जोडला. चावी फिरविताच पंप दोन सेकंद चालला, पाइप निसटला आणि पेट्रोलचा फवारा समोरच्या भिंतीवर बसला. त्या भिंतीपलीकडे माझ्या दवाखान्याची प्रतीक्षा खोली होती आणि संध्याकाळच्या ओपीडीचे चौदा रुग्ण तेथे बसले होते. मी बॅटरीला हात लावला नाही, कारण तेथे उडालेली एक ठिणगी पुरली असती. सर्वांना बाहेर रस्त्यावर नेले, घराचा मुख्य स्विच बाहेरून बंद केला, दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि तास-दीड तास हवा खेळू दिली. काही झाले नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या कोणी असा हलगर्जीपणा केला असता, तर मी त्याला काय काय सुनावले असते, तेच आठवत राहिलो.

त्यानंतर नियम केले. काम फक्त रविवारी, दवाखाना बंद असताना आणि गॅरेजबाहेर अंगणात. पाइप व क्लिपा उच्च दाबाच्याच. जवळ अग्निशामक नळकांडे. धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा स्विच. इंजिन फिरत नसेल तर पंप दोन सेकंदांत बंद व्हावा, ही संगणकातील सोय प्रत्यक्ष तपासून घेतली. इतके झाल्यावरच पुन्हा चावीला हात लावला. गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली.

खरा धडा मात्र पुढेच होता. संगणकात एक तक्ता असतो : आडव्या ओळीत इंजिनाची गती, उभ्या ओळीत मॅनिफोल्डचा दाब आणि प्रत्येक चौकोनात इंधनाच्या मात्रेचा आकडा. लॅम्डाचे मापन पाहून हे आकडे सुधारीत जायचे. माझ्या गाडीचा लॅम्डा सतत १.१५ च्या वर दाखवी, म्हणजे इंधन कमी. मी आकडे वाढवीत गेलो. तीन रविवार वाढविले. लॅम्डा खाली येईना आणि गाडी दिवसेंदिवस जडच होत चालली.

वडिलांच्या वेळेपासून आमच्या गाड्या पाहणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना बोलावले. लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. एक प्लग खोलून माझ्या तळहातावर ठेवला. तो काजळीने काळाकुट्ट झाला होता. मग ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरली. तिला पेट्रोलचा वास येत होता.

“डॉक्टर, तुमचं यंत्र उपाशी म्हणतंय, आन् पोट तर फुगलंय की,” ते म्हणाले.

जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरत होते. आणखी महिनाभर मी असाच ‘उपचार’ केला असता, तर इंजिन कायमचे झिजले असते. त्यांनी सायलेन्सरच्या सांध्याभोवती हात फिरविला, सांध्यावर साबणाचे पाणी टाकले आणि मला बुडबुडे दाखविले. लॅम्डा संवेदकाच्या अलीकडेच सांध्यात बारीक फट होती. इंजिनाच्या प्रत्येक फेरीत धुराची लाट बाहेर पडते आणि लगेच क्षणभर नळीतला दाब उतरतो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदक बिचारा तिच्यातला प्राणवायू मोजून इमानाने ‘इंधन कमी’ असे सांगत होता. मापन चोख होते. नमुनाच दूषित होता.

सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले की अहवाल कसा भलताच येतो, हे मी वर्षानुवर्षे निवासी डॉक्टरांना बजावीत आलो आहे. अहवाल आणि रुग्ण यांचे जमेना, तर आधी नमुन्यावर शंका घ्यावी, हेही. मग तीन रविवार मी एकदाही प्लग का पाहिला नाही? पडद्यावरचा आकडा दशांशापर्यंत स्पष्ट होता म्हणून. आज आपल्या व्यवसायातही पडदे वाढत आहेत. त्यांचा मला राग नाही. मी स्वतः हौसेने एक पडदा पद्मिनीत बसविलाच आहे. पण हात लावून, वास घेऊन निदान करणारी ती वृद्ध बोटे माझ्या अंगणात नसती, तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

सांधा नव्या गॅस्केटने बंद केला, ऑइल बदलले, तक्त्यातील आकडे पुन्हा खाली आणले. दोन रविवारांत लॅम्डा १ च्या जवळ स्थिरावला. प्रदूषण चाचणीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पूर्वी २.६ टक्के येई. या वयाच्या गाडीला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. आता ते ०.७ आले. मग एका पहाटे चोर्ल्याच्या घाटाने पणजीला गेलो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. येथील हवा पणजीपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. घाट उतरताना दाबाचा संवेदक ते टिपत होता आणि मात्रा आपोआप वाढत होती. परतीच्या चढावर पद्मिनीला धाप लागली नाही. सौ. शेजारी बसली होती. गाडीत पेट्रोलचा वास नाही, एवढेच ती म्हणाली. माझ्या दृष्टीने ते प्रशस्तिपत्रच होते.

जुना कार्ब्युरेटर स्वच्छ धुऊन, तेल लावून, दवाखान्यातील कपाटात वडिलांच्या स्टेथोस्कोपशेजारी ठेवला आहे. उद्या माझ्या मुलाला किंवा पुतण्याला गाडी मूळ रूपात हवी असेल, तर चार बोल्टांचे काम आहे. त्याच कपाटात मी तो काळा प्लगही पुसल्याशिवाय ठेवला आहे. एखादा अहवाल फारच सुबक दिसू लागला की कपाट उघडतो, प्लग पाहतो आणि मग पुन्हा रुग्णाकडे वळतो.