तेलावर उचललेला शाफ्ट

1883 च्या सुमारास इंग्लंडमधले अभियंते ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या आसांना लागणाऱ्या बेअरिंगचं घर्षण मोजत होते. शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडवलेला, वर अर्धगोल बेअरिंग आणि त्यावर वजन. वरून तेल सोडता यावं म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. यंत्र सुरू झालं आणि तेल आत जायचं सोडून भोकातून उसळून बाहेर सांडू लागलं. बूच मारलं, लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर ढकलली गेली. दाबमापक जोडल्यावर काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्याही पुढे सरकला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला जेमतेम 100 पौंड होता.

शाफ्ट बेअरिंगला टेकलेलाच नव्हता, तो तेलावर उचलला गेला होता. याचं गणित मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलं. भाराखालचा शाफ्ट नेमका मध्यभागी राहत नाही, किंचित बाजूला सरकतो, त्यामुळे मधली फट निमुळती होते. शाफ्ट स्वतःला चिकटलेलं तेल त्या निमुळत्या जागेत ओढत नेतो आणि तिथे दाब तयार होतो. पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीचं चाक रस्त्यावरच्या पाण्यावर चढतं, तसंच हे. तेलाचा हा थर बहुतेक वेळा केसाहूनही पातळ असतो.

गोळ्या किंवा रोलर नसलेल्या अशा बेअरिंगला प्लेन बेअरिंग म्हणतात. छोट्या यंत्रात तो साधा बुश असतो, टर्बाइनमध्ये दोन अर्ध्या कवचांचं बेअरिंग. उभ्या शाफ्टचं वजन पेलायला थ्रस्ट बेअरिंग लागतं. अल्बर्ट किंग्जबरी यांनी त्यासाठी किंचित कलू शकणारे सुटे पॅड वापरले. प्रत्येक पॅड तेलाची निमुळती फट आपोआप साधतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवूड जलविद्युत केंद्रात 1912 मध्ये बसवलेलं त्यांचं बेअरिंग दोनशेहून अधिक टन भार घेऊन कित्येक दशकं चाललं.

थर टिकला तर झीज जवळजवळ शून्य. मग बेअरिंग कशाचं करायचं याचा एवढा विचार कशाला? कारण यंत्र सुरू होताना आणि थांबताना थर नसतो आणि धातू धातूला घासतो. माझ्या मते बेअरिंगचा खरा कस त्या काही सेकंदांतच लागतो. म्हणून तिथे मऊ धातू हवा. आयझॅक बॅबिट यांच्या नावाने ओळखला जाणारा व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथिलाचं मिश्रण, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. तेलातून आलेला कण तो पोटात घेतो, शाफ्टवर ओरखडा पडू देत नाही. तेल आटलंच तर आधी तो वितळतो आणि महागडा शाफ्ट वाचतो. टेबलफॅनमध्ये सच्छिद्र ब्राँझचा, तेल मुरवलेला बुश असतो. जहाजांच्या पंख्यांच्या शाफ्टला तर पूर्वी लिग्नम व्हिटी या कठीण लाकडाचं बेअरिंग असे, वंगण समुद्राचं पाणी.

साखर कारखान्यातल्या मिलचा रोलर मात्र या गणितात बसत नाही. भार प्रचंड आणि वेग मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे. एवढ्या मंद गतीत तेलाचा पूर्ण थर उभाच राहत नाही. तिथे ब्राँझचं जाड बेअरिंग, घट्ट वंगण आणि आतून फिरणारं थंड पाणी यांच्या जोरावर गळीत हंगाम पार पाडावा लागतो.

देखभालीत कौशल्य लागतं ते बेअरिंग बसवताना. फिटर शाफ्टला मार्किंग ब्लूचा पातळ हात देतो, कवच त्यावर ठेवून थोडं फिरवतो आणि उचलून बघतो. निळे ठिपके म्हणजे उंचवटे. ते स्क्रेपरने अलगद खरवडायचे, पुन्हा ब्लू, पुन्हा खरवडणं; ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. फट मोजायला शाफ्टवर शिशाची तार ठेवून वरचं कवच आवळतात आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजतात. ही फट साधारण शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे 100 मिलिमीटरच्या शाफ्टला 0.1 मिलिमीटर. इंजिनात येणारी पातळ तयार कवचं मात्र कधीही खरवडू नयेत, त्यांचा आतला थर अगदी पातळ असतो.

एरवी लक्ष ठेवायचं ते तेलाच्या स्वच्छतेवर, तापमानावर आणि कंपनांवर. मोठ्या टर्बाइनमध्ये शाफ्ट हलण्याआधीच पंपाने दाबाखाली तेल सोडतात, म्हणजे तो कोरडा घासत नाही.

बेअरिंग गेलं की जुनं कवच सरळ भंगारात टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यावर कारण लिहिलेलं असतं. एका कडेलाच झीज असेल तर अलाइनमेंट बिघडलेली. लांब ओरखडे असतील तर तेलात कचरा. धातू पसरून पुसल्यासारखा दिसला तर तेल कमी पडलं. मोटर किंवा जनरेटरच्या बेअरिंगवर बारीक खड्ड्यांची जाळी दिसली, तर शाफ्टमधून वीज वाहतेय. तिथे आधी इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासायला हवं. नाही तर नवं बसवलेलं बेअरिंगही तसंच जाईल.