अंगणातले ब्लॉक आणि त्यांच्याखालचं पाणी : लेखांक ७

पालघर जिल्ह्यात शेणाने सारवलेली अंगणं झपाट्याने कमी होत गेली आणि त्यांच्या जागी पेव्हर ब्लॉक आले. केळव्या-माहीमच्या वाड्यांतल्या घरांपुढे, बोईसरच्या सोसायट्यांच्या आवारात, दुकानांच्या ओट्यांपुढे, जिथे पाहावं तिथे ब्लॉक. मागच्या दोन लेखांकांत आपण भरावाची माती आणि मुरूम पाहिला. आता त्यावरच्या थराकडे येऊ.

एप्रिलमध्ये दोरीत बसवलेलं काम गणपतीपर्यंत खालीवर होतं. दोन ब्लॉक खचतात, तिसऱ्याची कड वर येते, त्या खळग्यात पाणी साचतं आणि शेवाळावरून माणूस घसरतो. घरमालक म्हणतो, ब्लॉक हलका दिला. पण खचलेला ब्लॉक पहारीने उचलून पाहा. बहुतेक वेळा तो अखंडच असतो आणि खाली अंथरलेल्या कचेचा, म्हणजे क्रशरवरच्या बारीक दगडी चुरीचा, राडा झालेला असतो. ब्लॉक निवडताना आपण रंग, आकार, चकाकी यांवर तासभर बोलतो. खालच्या एका वीत खोलीबद्दल कोणी एक प्रश्न विचारत नाही. ब्लॉकचं आयुष्य मात्र त्या एका वितीत ठरतं.

हे नीट समजायला थोडं लांब, गोठणाऱ्या मुलखात जाऊन यावं लागेल. आपल्याकडे थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो छापून येतात, पण ती गवतावरची पातळ साय. जमीन आतून गोठत नाही. कॅनडात ती गोठते. टोरोंटोत घरांचे पाये साधारण १.२ मीटर खाली नेतात, कारण थंडी तेवढी खोल उतरू शकते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. खरं नुकसान मात्र नुसत्या फुगण्याने होत नाही. बारीक गाळाच्या मातीतून खालचं पाणी गोठलेल्या थराकडे वर खेचलं जातं आणि तिथे बर्फाचे आडवे पापुद्रे वाढत राहतात. ते वरची फरसबंदी उचलून धरतात. यासाठी थंडी, पाणी आणि बारीक माती ही तिन्ही लागतात. थंडी कोणाच्या हातात नाही, म्हणून तिथले कारागीर बाकीच्या दोघांमागे लागतात : बारीक माती काढून खडी भरतात आणि खडीतल्या पाण्याला बाहेर वाट देतात.

आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. तिथले रस्ते सर्वात जास्त खराब होतात ते भर हिवाळ्यात नाही, वसंतात. वरचा बर्फ वितळतो, पण खाली जमीन अजून गोठलेलीच असते. वितळलेलं पाणी खाली जिरू शकत नाही, पायात अडकून राहतं आणि त्या भिजलेल्या थरावरून गाडी गेली की सगळं दबतं.

आता पालघरचा जुलै आठवा. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही बराच जास्त पाऊस. किनारपट्टीच्या सखल भागात विहिरी काठोकाठ भरतात. खाजणाच्या चिकण जमिनीत पाणी उतरतच नाही. भरतीच्या वेळी खाडी फुगते आणि ओहोळांचं पाणी मागे तुंबतं. कॅनडात गोठलेला थर जे करतो, तेच आपल्याकडे वर आलेली भूजलपातळी आणि चिकणमाती करतात. पाण्याला खालची वाट बंद असते, म्हणून बाजूची वाट आपल्यालाच करून द्यावी लागते.

५०० चौरस फुटांच्या अंगणावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी होतं, आणि आपल्याकडे १०० मिलिमीटरचा दिवस ही काही नवलाई नाही. वर छपराच्या पागोळ्या. हजार चौरस फुटांच्या उतरत्या पत्र्यावरचं नऊ हजार लिटर पाणी एका सरळ रेषेत, उंचावरून, दर वेळी त्याच सांध्यांवर पडतं. सर्वात आधी खचतात ते पागोळ्यांच्या रेषेतले ब्लॉक. पन्हळ लावून ते पाणी थेट गटारात, शोषखड्ड्यात किंवा टाकीत नेणं हे ब्लॉकच्या कामातलंच पहिलं काम आहे, असं मी आग्रहाने म्हणेन. पन्हळीचा खर्च नको म्हणून ब्लॉक जाड घेण्याने काही साधत नाही.

मग खोदाई. घरापुढे मोटार उभी राहणार असेल तर साधारण एक फूट खोदा. तळाची माती धुम्मस किंवा रोलरने दाबून घ्या आणि तळालाच उतार द्या. उतार फक्त वरून दाखवला जातो. तळ सपाट, कधी तर घराकडे झुकलेला असतो. खाजण भरून केलेल्या प्लॉटवर माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरावं, नाहीतर चिखल खडीत वर शिरतो आणि दोन पावसाळ्यांत खडी नाहीशी झाल्यासारखी होते. कापडावर लहानमोठी मिसळलेली १५० ते २०० मिलिमीटर खडी दोन थरांत दाबायची. या थराची सखल कड भिंतीने बंद करू नका. तिथे गटाराकडे उघडणारे पाइप सोडा. वरच्या फरशीला दहा फुटांमागे अडीच इंच उतार पुरतो.

त्यावर अंथरायचा वाळूचा थर. इथे दोन चुकीच्या समजुती घट्ट रुजल्या आहेत. एक, तळ कमी भरला तर कच जास्त टाकून लेव्हल आणता येते. कच हा बैठकीचा थर आहे, भरावाचा नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ब्लॉक फरसबंदीच्या मार्गदर्शिकेत, एसपी ६३ मध्ये, तो २० ते ४० मिलिमीटरच सांगितला आहे. जिथे तो चार इंच होतो तिथे खड्डा पडणार हे नक्की. शिवाय क्रशरवरची कच पिठासारख्या भुकटीने भरलेली असते. ती पाणी धरते आणि चाकाखाली सांध्यांतून वर उडते. धुतलेली, भरड क्रश सॅन्ड मागा. किनाऱ्यावरची रेती आणू नका. तो कायद्याने गुन्हा आहे, किनारा धुपतो आणि तिच्यातल्या खारटपणाने ब्लॉकवर पांढरे डाग उठतात.

दुसरी समजूत म्हणजे कचेत सुकं सिमेंट मिसळलं किंवा सांधे सिमेंटने भरले की काम पक्कं. तसं केलं की लवचिक फरसबंदीचा कडक आणि तडे जाणारा पापुद्रा होतो, पाणी अडकतं, आणि पाइपलाइनसाठी ब्लॉक उचलायची वेळ आली की ते फुटतात. सुटा ब्लॉक उचलून परत बसवता येतो, हाच या पद्धतीचा मोठा गुण. हॉलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीमुळे विटांची टंचाई झाली, तेव्हा विटांच्या रस्त्यांना पर्याय म्हणून काँक्रीटचे ब्लॉक सर्रास वापरले जाऊ लागले. मऊ, पाणथळ जमीन थोडी बसली तर ब्लॉक काढून तळ सारखा करायचा आणि तेच ब्लॉक पुन्हा लावायचे, हे त्या देशाला फार सोयीचं पडलं. आपली किनारपट्टीही तशीच मऊ. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवत आले आहेत. तिथेही एकसंध लादीपेक्षा सुट्या तुकड्यांची फरसबंदी दुरुस्त करायला सोपी.

ब्लॉकची जाडी पटकन सांगतो. आयएस १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे पायवाटेला ५० मिलिमीटर, हलक्या वाहनांना ६०, मध्यम वर्दळीला ८०, जड वाहतुकीला १०० आणि त्याहून जड कामाला १२०. पाणी शोषण्याची सरासरी मर्यादा वजनाच्या ६ टक्के आहे. गोठणीची काळजी असलेल्या अमेरिकेच्या मानकात ती ५. अंदाज घरीही घेता येतो. कडक उन्हात वाळवलेला ब्लॉक तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. पावणेतीन किलोच्या ब्लॉकचं वजन १६५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर तो घेऊ नका. रबर मोल्डचे आरशासारखे चकाकणारे ब्लॉकही पावसाळी अंगणात टाळावेत. वृद्ध माणसांच्या घरी तर नकोतच.

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी मात्र मला उलटं सांगायचं आहे. ट्रक वळतात त्या आवारात किमान ८० ते १०० मिलिमीटरचे ब्लॉक, हेरिंगबोन मांडणीत, म्हणजे चाकाचा रेटा एका सरळ सांध्यावर येत नाही. पण जिथे ॲसिडचे ड्रम उतरतात, टँकर रिकामे होतात, तिथे ब्लॉक घालूच नयेत. आम्ल सिमेंटमधला चुना खातं आणि ब्लॉक झिजतो, हे एक. त्याहून गंभीर म्हणजे अंगणात ज्या उघड्या सांध्यांचं कौतुक, त्याच सांध्यांतून इथे रसायन जमिनीत उतरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. आसपासच्या गावांच्या विहिरी त्याच जमिनीत आहेत. अशा जागी गळती न होणारा काँक्रीटचा तळ, त्यावर ॲसिडप्रूफ विटा, रेझिनचे सांधे आणि सांडलेलं अडवणारी कड हवी. इथे पैसे वाचवणं म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात विष कालवणं.

कड अंगणालाही लागतेच. कर्बचे दगड काँक्रीटमध्ये बसवले नसतील तर पूर्ण फरशी हळूहळू बाहेर सरकते आणि सांधे रुंदावतात. सांधा २ ते ४ मिलिमीटरचा ठेवावा, बारीक कोरडी वाळू झाडूने भरावी, प्लेट कॉम्पॅक्टर फिरवावा, पुन्हा वाळू भरावी. काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये करा, आणि भराव नवा असेल तर एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. पहिल्या पावसाळ्यात सांध्यांतली वाळू थोडी खाली बसते. दिवाळीआधी ती पुन्हा भरून घ्या, आणि त्यासाठीची दोन पोती वाळू ठेकेदाराकडून कामाच्या वेळीच ठेवून घ्या.