मिठातली बॅटरी आणि उद्योगाचे भांडवल

पेण-उरणच्या मिठागरांत पिकणाऱ्या मिठात सोडियम असते. बॅटरीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिथियमपेक्षा ते कितीतरी मुबलक आणि स्वस्त आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या फॅराडियन या नवउद्योगाने 2011 पासून त्यावर सोडियम-आयन बॅटरी घडवली. नागोठण्यात मोठा पेट्रोकेमिकल कारखाना असलेल्या रिलायन्सने पुढे 10 कोटी पौंड मूल्यांकनाने ती कंपनी घेण्याचा करार जाहीर केला, शिवाय वाढीसाठी अडीच कोटी पौंड देऊ केले.

ही थेट खरेदी. त्याआधी, ऑगस्ट 2021 मध्ये, कॅल्शियम आणि अँटिमनीची बॅटरी बनवणाऱ्या अमेरिकेच्या अँब्रीत रिलायन्सने 5 कोटी डॉलर घालून फक्त हिस्सा घेतला होता. मोठ्या उद्योगाने नवउद्योगात भांडवल घालण्याची, म्हणजे कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटलची, खरी रीत हीच.

नव्या पदार्थाला असा भागीदार का लागतो? प्रयोगशाळेत काही ग्रॅम साधले, तरी टनावारी बनवताना शुद्धता, उष्णता, गंज, सगळेच प्रश्न नव्याने उभे राहतात. त्यात वर्षे जातात. साधारण दहा वर्षांत गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे बंधन असलेल्या व्हेंचर फंडाला ती परवडत नाहीत. उद्योगसमूहाकडे मात्र कारखाना, अभियंते आणि पहिला ग्राहक घरातच असतो. मला तर पैशापेक्षा हा पहिला ग्राहकच मोलाचा वाटतो. समूहाला त्या बदल्यात तंत्रज्ञान लवकर हाती लागण्याची संधी मिळते.

जोखीम मात्र खरी आहे. मे 2024 मध्ये अँब्रीने दिवाळखोरीचा अर्ज केला.