नाताळचे पुडिंग आणि घरातील ज्येष्ठ

नोव्हेंबर सरत आला, की माझ्या दवाखान्यात प्रवासाला निघालेली ज्येष्ठ मंडळी येऊ लागतात. लेक किंवा मुलगा इंग्लंडमध्ये असतो आणि यंदाचा नाताळ नातवंडांसमवेत घालवायचा असतो. औषधांची यादी, गरम कपडे, विमानातील पायांची सूज, सारे विचारून होते. परंतु तेथील नाताळच्या जेवणाच्या शेवटी जे काळसर, मसाल्याच्या सुगंधाचे पुडिंग समोर येते, त्याविषयी सहसा कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख, आपल्यासाठी आणि आपली काळजी वाहणाऱ्या मुलांसाठी.

या पदार्थाला ‘प्लम पुडिंग’ असेही म्हणतात. मात्र येथे ‘प्लम’ म्हणजे मनुका. पूर्वी हे मिश्रण कापडात बांधून तासन्‌तास उकळत असत. एलायझा ॲक्टन यांच्या १८४५ च्या पाकपुस्तकात त्याची कृती ‘ख्रिसमस पुडिंग’ या नावाने आढळते. पुढे कापड जाऊन चिनी मातीचे खोलगट भांडे आले. ॲडव्हेंटच्या आधीचा रविवार, म्हणजे नाताळपूर्वी चार-पाच आठवडे, हा पुडिंग ढवळण्याचा दिवस. घरातील प्रत्येकाने, थोरापासून पोरापर्यंत, पूर्वेकडून पश्चिमेकडे चमचा फिरवायचा आणि मनात एक इच्छा धरायची, अशी रीत आहे.

आता त्याच्या अंतरंगाकडे पाहू. पारंपरिक कृतीत मनुका, बेदाणे, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, पावाचा चुरा, गडद साखर, अंडी आणि ब्रँडी, रम किंवा काळी बिअर असते. शिवाय ‘स्यूएट’ असते, म्हणजे गुरांच्या वा मेंढ्यांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. शाकाहारी आई-वडिलांना ही गोष्ट पानावर बसण्यापूर्वीच सांगणे हे मुलांचे कर्तव्य आहे. वनस्पतिजन्य चरबीची पुडिंगेही दुकानांत मिळतात. वेष्टनावरील मजकूर वाचून घ्यावा.

घरी करायचे झाल्यास मद्य व स्यूएट वगळून पुढील कृती सोयीची पडते. ३०० ग्रॅम मनुका-बेदाणे आणि १०० ग्रॅम बिया काढून बारीक चिरलेला खजूर १०० मिलिलिटर कोऱ्या चहात रात्रभर भिजवावा. सकाळी त्यात एक किसलेले सफरचंद, एक लहान किसलेले गाजर, १०० ग्रॅम पावाचा चुरा, ७५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, १०० ग्रॅम मऊ लोणी, ७५ ग्रॅम गडद साखर, दोन अंडी, एका संत्र्याचा रस व किसलेली साल, आणि दालचिनी, जायफळ, लवंग यांची दोन चहाचे चमचे पूड घालावी. मिश्रण सव्वा लिटरच्या, लोणी लावलेल्या भांड्यात भरून वर बोटभर जागा सोडावी. लोणी लावलेला कागद व ॲल्युमिनियमचा पत्रा मध्ये एक चुणी घेऊन झाकावा आणि दोरीने घट्ट बांधावा. मोठ्या पातेल्यात तळाशी ताटली ठेवून त्यावर भांडे ठेवावे, निम्म्या उंचीपर्यंत उकळते पाणी घालावे व झाकण ठेवून मंद आचेवर सहा तास वाफवावे. दर अर्ध्या तासाने पाणी पाहावे. कमी झाल्यास उकळतेच पाणी घालावे. उकडीचे मोदक करणाऱ्या हातांना हे तंत्र नवे नाही. मात्र वयपरत्वे त्वचा पातळ होते आणि वाफेने चटकन भाजते. म्हणून भांडे उचलण्याचे काम तरुणांनी करावे.

मद्य आणि भरपूर साखर यांमुळे मूळ पुडिंग अनेक आठवडे टिकते. हे तसे टिकत नाही. नाताळच्या दोन दिवस आधी करून, निवताच फ्रिजमध्ये ठेवावे आणि वाढण्यापूर्वी दीड तास पुन्हा वाफवून आतपर्यंत कडकडीत गरम करावे.

आता काही वैद्यकीय सूचना. साखर कमी केली तरी मनुका-खजुराची साखर राहतेच. मधुमेही व्यक्तीने दोन-तीन चमचे घ्यावेत आणि त्या जेवणातील बटाटा किंवा पाव वगळावा. गोळी वा इन्सुलिन आपल्या मनाने वाढवू नये. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर निर्बंध असल्यास सुकामेवा आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असेल, तर कोरडा भुगा आणि अखंड मनुका घशात अडकू शकतात. अशा वेळी साध्या दुधाचे, त्यांना झेपेल इतके दाट कस्टर्डच द्यावे. पुडिंगात चांदीचे नाणे दडवण्याची जुनी प्रथा आहे. कवळी असलेल्यांच्या व लहान मुलांच्या घरी ती टाळावी.

मूळ पुडिंगावर ब्रँडी ओतून ती पेटवतात. ज्योत विझली म्हणजे मद्य संपले, असा समज आहे. प्रत्यक्षात बरेचसे शिल्लक राहते. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्यांनी, तसेच मद्य कायमचे सोडलेल्यांनी असे पुडिंग नम्रपणे नाकारावे. घरात कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर त्याच्या जवळपास ही ज्योत मुळीच पेटवू नये.

काळजीवाहूंना एकच विनंती आहे. पथ्याच्या नावाखाली ज्येष्ठांना स्वयंपाकघराबाहेर बसवू नका. वाटी लहान असावी. पण ढवळण्याचा चमचा प्रथम त्यांच्या हाती द्यावा. थरथरता हात दोन वेळा फिरला तरी पुरे. साखर त्यांना वर्ज्य असेल, मनात इच्छा धरणे वर्ज्य नाही.