बोनसचा कर आणि वर्षाचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर हाती आलेल्या पगारपत्रकात बोनसच्या रकमेला लागलेली कात्री पाहून, सरकार बोनसवर नेहमीच्या पगारापेक्षा चढ्या दराने कर घेते असा जो समज कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून वर्षानुवर्षे रूढ झालेला आहे, त्याला कायद्यात कोठेही आधार नाही. आयकराच्या दृष्टीने मूळ वेतन, महागाई भत्ता आणि बोनस ही सारी एकाच 'वेतन' या सदरात जमा होणारी प्राप्ती होय. कराची आकारणी होते ती संपूर्ण आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर, आणि बोनसच्या महिन्यात जी कपात डोळ्यांत भरते ती त्या वार्षिक हिशेबातूनच उद्भवलेली असते.

बोनस ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी मानली जाण्याचा काळ फारसा दूरचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत मुंबईच्या कापडगिरण्यांनी सुरू केलेला बोनस १९२३ सालाकरिता नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या आरंभी गिरणी कामगारांनी मोठा संप पुकारला. परंतु त्या प्रकरणी नेमलेल्या, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोहोचत नाही असाच निर्वाळा दिला. तो हक्क देशभर कायद्याने प्रस्थापित व्हावयास १९६५ साल उजाडावे लागले, आणि आजमितीस पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या हिशेबी वेतनाचा बारावा हिस्सा, व कमाल २० टक्के बोनस देण्याची तरतूद आहे. मात्र रक्कम हक्काने मिळालेली असो, मालकाने खुशीने दिलेली असो, अथवा महापालिकेने ती 'सानुग्रह अनुदान' या नावाने मंजूर केलेली असो, कराच्या दप्तरात तिची नोंद वेतन म्हणूनच होते.

वसुलीची रीत अशी : कर्मचाऱ्याला त्या वर्षात एकंदर किती वेतन मिळेल याचा अंदाज मालकाने बांधावयाचा, त्यावरील वर्षाचा कर काढावयाचा, आणि सरासरी दराने तो दरमहा पगारातून कापून साधारणतः पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारी खजिन्यात भरावयाचा. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १९२ ची ही व्यवस्था १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही तत्त्वतः कायम ठेवली आहे. बोनस किती मिळणार हे एप्रिलमध्ये ठाऊक नसल्यामुळे लेखा विभाग तो बहुधा अंदाजात धरत नाही. ऑक्टोबरात रक्कम मंजूर झाली की अंदाज बदलतो, आणि तोवर न कापलेल्या कराची भरपाई उरलेल्या महिन्यांतून करून घेणे क्रमप्राप्त होते.

हा प्रकार आकड्यांनीच नीट ध्यानात येईल. २०२५-२६ या वर्षी नव्या करप्रणालीत असलेल्या दोन कर्मचाऱ्यांना प्रत्येकी दीड लाख रुपये बोनस मिळाला असे धरू. पहिल्याचा पगार दरमहा ८० हजार. बोनस धरून वर्षाचे ११ लाख १० हजार, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता १० लाख ३५ हजार उरतात, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करसवलत असल्यामुळे त्याचा बोनस अखंड हाती पडतो. दुसऱ्याचा पगार दरमहा १ लाख. ऑक्टोबरपर्यंत त्याच्याही पगारातून आयकराचा एक पैसा कापला गेलेला नाही. परंतु बोनससह त्याचे करपात्र उत्पन्न १२ लाख ७५ हजार होताच ती सवलत संपते, ७१,२५० रुपये कर व त्यावर ४ टक्के उपकर मिळून ७४,१०० रुपयांचे देणे उभे राहते. बोनसच्या पहिल्या ७५ हजारांवर काहीच कर नव्हता. पुढच्या ७५ हजारांतून त्याच्या पदरी अवघे ९०० रुपये पडले! हा बोनसवरील रोष नव्हे, १२ लाखांचा उंबरठा ओलांडल्याचा परिणाम आहे; कारण हेच दीड लाख दरमहा साडेबारा हजारांच्या पगारवाढीने आले असते, तरी वर्षाचा कर तंतोतंत एवढाच झाला असता.

हे ७४,१०० रुपये काही कचेऱ्या बोनसमधूनच एकरकमी वळते करून घेतात, तर काही मार्चअखेरपर्यंत १२,३५० रुपयांच्या सहा हप्त्यांत विभागतात. वर्षाची बेरीज उभयपक्षी समानच राहते. क्वचित कपात अधिक झालीच, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो, आणि त्याकरिता मालकाकडून मिळणारा फॉर्म १६ ताडून पाहणे अगत्याचे असते. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी बोनसमधून कापली जात नाही, आणि महाराष्ट्रातील व्यवसायकराची वर्षाची २,५०० रुपयांची मर्यादाही बोनसमुळे वाढत नाही. मालकाने दिवाळीस दिलेली वस्तुरूप भेट अथवा कूपन, त्यांचे मूल्य उपरोक्त वर्षाच्या नियमांप्रमाणे एकंदर ५ हजार रुपयांच्या आत असेल तर, करमुक्त राहते. रोख पाकिटाला मात्र ही मुभा नाही.

मग त्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला उपाय काहीच नव्हता काय? होता, पण तो दिवाळीनंतर सुचून उपयोग नव्हता. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मालकाने भरलेली वर्गणी मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजा होते. मूळ वेतन ५० हजार असल्यास ही वर्गणी दरमहा ७ हजार, वर्षाची ८४ हजार होते, आणि एकूण पगाराच्या रचनेतूनच ती वळती केलेली असती, तर करपात्र उत्पन्न ११ लाख ९१ हजारांवर येऊन सबंध कर टळला असता. ती रक्कम निवृत्तीपर्यंत बव्हंशी अडकून पडते हे खरे. तथापि कर भरून गमावण्यापेक्षा आपल्याच नावावर ती साठणे पुष्कळांना श्रेयस्कर वाटेल. ज्याचा पगार अशा सीमेच्या आसपास आहे, त्याने वर्षाच्या आरंभीच अपेक्षित बोनस मनाशी धरून लेखा विभागाशी ही बोलणी करावी. मार्च उजाडल्यावर बदलण्याजोगे फारसे काही उरलेले नसते.